साताऱ्याची प्रिया आणि ताशी १७१ किलोमीटर

दिवाळीला सांगलीला घरी गेलो की आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. फराळाचं ताट समोर येतं, यंदाची चकली मऊ पडलीय का यावर चर्चा होते, आणि मग बाबा हळूच विषय काढतात.

"प्रिया मी आष्ट्याच्या रस्त्याला ऐंशीनी पळवलीय. मागं तुझी आई, पुढं तू उभा."

"काही नाही हो," आतून आईचा आवाज. "चाळीसच्या वर कधी गेली नाही ती. माझा पदर कधी उडला नाही."

प्रिया म्हणजे आमची स्कूटर. साताऱ्याला तयार झालेली, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. अजून जिन्याखाली उभी आहे. रविवारी सकाळी बाबा तिला पुसतात, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासतात, उजवीकडे आडवी करून परत उभी करतात (हा विधी ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, बाकीच्यांना समजावून सांगता येणार नाही) आणि तिसऱ्या किकला ती सुरू होते. मग सगळ्या वाड्यात दोन-स्ट्रोकचा निळा धूर.

यंदा मी म्हटलं, "बाबा, काट्यावर ऐंशी दिसलं म्हणजे ऐंशी झालं असं नसतं. मोजलं होतं का कुणी?"

बाबा गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो. मग ते म्हणाले, "मोजायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं? सांग की."

आणि मंडळी, मला सांगता येईना. दिवसभर ऑफिसात मी सॉफ्टवेअरचा परफॉर्मन्स मोजतो. पण एखाद्या दुचाकीचा वेग अधिकृतपणे मोजायचा म्हणजे काय, त्यासाठी गाडी कशी तयार करतात, ठाऊक नव्हतं. पुण्याला परत आल्यावर दोन वीकेंड वाचत बसलो. निघालं असं, की आमच्या प्रियाच्या खानदानात खरोखरच एक विश्वविक्रमी गाडी होऊन गेली आहे. ही तिची गोष्ट.

*

आधी प्रियाची वंशावळ सांगतो. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची ही भागीदारी. कारखाना साताऱ्याला, स्कूटरचं नाव प्रिया. बजाजनं स्वतः १९६० च्या सुमारास इटलीच्या पियाजिओ कंपनीकडून परवाना घेऊन आकुर्डीला व्हेस्पा बनवायला सुरुवात केली होती. १९७१ मध्ये तो करार संपला. व्हेस्पा हे नाव गेलं, पण गाडी तीच राहिली आणि बजाज १५० म्हणून विकली जाऊ लागली. प्रिया त्याच घरातली. म्हणजे इटलीतली पोंतेदेरा ही आजी, आकुर्डी ही आई आणि सातारा हे माहेर.

आता आजीकडे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ बॉम्बफेकी विमानं बनवत होती. साहजिकच शत्रूनं कारखान्यावर बॉम्ब टाकले. युद्ध संपलं तेव्हा कारखान्याचा ढिगारा झाला होता आणि विमानं बनवायला बंदी होती. मालक एन्रिको पियाजिओनं ठरवलं, साध्या माणसाला परवडेल अशी दुचाकी काढायची. काम दिलं कोरादिनो द'आस्कानियो या इंजिनिअरला. हा माणूस मूळचा हेलिकॉप्टरवाला, आणि त्याला मोटरसायकल मुळीच आवडायची नाही! कपडे तेलानं खराब होतात, चाक पंक्चर झालं की काढता येत नाही, पाय पलीकडे टाकून बसावं लागतं. म्हणून त्यानं तिन्ही तक्रारी दूर करणारी गाडी काढली. चेन नाही, इंजिन थेट मागच्या चाकाशी. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलेलं, त्यामुळे पटकन निघतं. आणि पुढे मोकळी जागा, जिथे पुढे तीन पिढ्यांची भारतीय पोरं उभी राहून वारा खाणार होती.

१९४६ ची पहिली व्हेस्पा ९८ सीसीची. ताकद ३.२ अश्वशक्ती, वेग ताशी ६० किलोमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

द'आस्कानियोची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरनं अधिकृत जागतिक विक्रम केले होते. उंचीचा विक्रम किती? १८ मीटर. हवेत राहण्याचा? ८ मिनिटं ४५ सेकंद. आपल्या सोसायटीची सहा मजली बिल्डिंगसुद्धा साधारण तेवढी उंच असते. पण ते १८ मीटर कुणीतरी त्रयस्थानं मोजून कागदावर लिहिले होते. 'आमचं हेलिकॉप्टर ढगात जातं' असं कुणी नुसतं सांगितलं असतं, तर आज ते कुणाला माहीतही नसतं.

*

व्हेस्पा चालली म्हटल्यावर स्पर्धक येणारच. मिलानजवळ लांब्राते नावाच्या भागात इनोचेंती ही पाइप बनवणारी कंपनी होती. तिनं १९४७ साली लँब्रेटा आणली. नाव त्या लांब्रातेवरूनच. झालं, इटलीत दोन तट पडले. आपल्याकडे चहा की कॉफी, तसं तिकडे व्हेस्पा की लँब्रेटा.

दोघींचाही एक प्रॉब्लेम होता. मोटरसायकलवाले स्कूटरला हसायचे. छोटी चाकं, घरगुती रूप, बायकामुलांची गाडी! मग लोकांचा विश्वास बसावा कसा? जाहिरातीत काहीही छापता येतं. म्हणून दोन्ही कंपन्या विक्रमाच्या मागे लागल्या. विक्रमाचा आकडा कंपनी देत नाही, आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचे वेळाधिकारी देतात. पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर दोघींनी तासन् तास गोल गोल फिरून लांब पल्ल्याचे विक्रम केले. एकीनं केला की दुसरी मोडणार.

मग आला ९ फेब्रुवारी १९५१ चा दिवस. रोमहून समुद्रकाठच्या ऑस्तियाला जाणारा सरळसोट रस्ता. व्हेस्पानं आणलेल्या गाडीचं नाव सिलुरो, म्हणजे टॉर्पेडो. दिसायलाही अगदी तशीच. दिनो मात्झोंचिनी नावाचा रायडर आत शिरला आणि एक किलोमीटर सरासरी ताशी १७१.१ किलोमीटर वेगानं पार झाला. १२५ सीसी! आमच्या प्रियापेक्षा लहान इंजिन.

*

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळतो. अशी गाडी तयार कशी करतात?

आपल्याला वाटतं, इंजिन मोठं केलं की झालं. पण विक्रम वर्गवार असतात. १२५ सीसीच्या वर्गात उतरलात तर इंजिन १२५ च्या आतच हवं, आणि ते तपासलं जातं. मग उरतं काय?

पहिलं, हवा. साधं गणित करू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. आता ते लक्षात ठेवलेले आकडे काढा. ६० ला ३.२ अश्वशक्ती लागत असेल, तर त्याच आकाराच्या स्कूटरला १७१ ला किती? १७१ भागिले ६० म्हणजे २.८५. त्याचा घन साधारण २३. म्हणजे ७४ अश्वशक्ती! (टायरचं घर्षण वगैरे सोडून दिलंय, अंदाज म्हणून घ्या.) १९५१ साली १२५ सीसीतून एवढी ताकद काढणं अशक्य होतं. पुढे पन्नासहून जास्त वर्षांनी ग्रां प्रीच्या सर्वोत्तम १२५ सीसी दोन-स्ट्रोक गाड्यासुद्धा पन्नाशीच्या आसपासच पोचल्या.

मग सिलुरो १७१ ला गेली कशी? बरचसं उत्तर तिच्या कवचात आहे. रायडर सरळ बसलेला नाही, वाकून जवळजवळ आडवा झालेला. त्याच्यासकट अख्खी गाडी निमुळत्या पत्र्याच्या कवचात. हवेला अडायला ना हँडल, ना आरसा, ना गुडघे. शेपूट लांब, कारण हवा पुढून फाटण्यापेक्षा मागे नीट जुळणं जास्त महत्त्वाचं असतं. जी ताकद इंजिनातून मिळणार नव्हती, तिची गरजच कमी केली. आमच्या धंद्यात याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. सर्व्हर वाढवायच्या आधी कोडमधलं फालतू काम काढा, वगैरे. पोंतेदेराच्या विमानवाल्यांना ते अंगवळणी पडलेलं होतं.

पण कवचाची एक गोची असते. बाजूनं वारा आला की तेच कवच शीड बनतं. वाऱ्याचा दाब गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडला, तर गाडी वाऱ्याबरोबर वळतच जाते. तो मागे पडावा म्हणून शेपटाचा आकार ठरवावा लागतो. बाणाला मागे पिसं का लावतात, तेच. आणि शिवाय सकाळी वारा पडलेला असताना धावायचं.

दुसरं, इंजिन. सिलुरोत एकमेकांसमोर दोन पिस्टन होते, टाळी वाजवल्यासारखे. दोन-स्ट्रोक इंजिनाची जुनी खोड अशी, की जळका धूर बाहेर जाताना ताजं मिश्रणही त्याच्याबरोबर पळून जातं. (म्हणून तर आमच्या वाड्यात तो निळा धूर.) समोरासमोर पिस्टन ठेवले की एका टोकानं ताजं मिश्रण आत येतं आणि दुसऱ्या टोकानं धूर बाहेर जातो. चाळीत जिने दोन असले की चढणारे-उतरणारे आपटत नाहीत, तसं.

तिसरं, टायर. हे मला सगळ्यात भीतीदायक वाटलं. १७१ म्हणजे सेकंदाला साडेसत्तेचाळीस मीटर. तेव्हाच्या व्हेस्पाच्या आठ इंची रिमवर टायर चढवला की घेर साधारण सव्वा मीटर. तसलं चाक सेकंदाला ३८ वेळा फिरणार. रबराच्या प्रत्येक कणाला बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या हजारपटीहून जास्त. म्हणजे एक ग्रॅमचा तुकडा जणू एक किलोचा झाला! टायर फुगतो, आणि सांधा कच्चा असेल तर सालपटासारखा निघतो. मोठ्या चाकाच्या मोटरसायकलला हा त्रास कमी. लोक ज्या छोट्या चाकांना हसत होते, तीच सगळ्यात अवघड परीक्षा होती.

चौथं, गिअर. रस्त्यावरच्या गाडीचे गिअर चढाला, ट्रॅफिकला, डबलसीटला चालावेत म्हणून तडजोडीचे असतात. विक्रमाच्या गाडीला एकच काम. इंजिन जिथे सर्वात जास्त ताकद देतं, नेमक्या त्या फेऱ्यांवर ते मोजणीच्या किलोमीटरमध्ये असलं पाहिजे. गिअर जरा लांब ठेवला तर इंजिन तिथवर चढतच नाही. आखूड ठेवला तर आधीच टोकाला पोचतं आणि पुढे नुसतं किंचाळतं. सकाळची थंडी आणि हवेचा दाब बघून कार्बोरेटरचा जेट बदलायचा, तो वेगळाच.

आणि पाचवी गोष्ट, जी मला माहीतच नव्हती. धाव दोन्ही दिशांना करावी लागते. मोजणी सुरू होण्याआधी वेग घ्यायला रस्ता मिळतो, म्हणून तिला फ्लाइंग किलोमीटर म्हणतात. पण एकदा गेलात की ठरलेल्या वेळात तोच किलोमीटर उलट दिशेनं कापायचा, आणि सरासरी धरली जाते. जाताना वारा पाठीशी असेल, रस्त्याला किंचित उतार असेल, तर येताना ते सगळं परत द्यावं लागतं. एकाच बाजूची धाव कितीही भारी असो, ती हिशेबात नाही. दोन धावांच्या मध्ये गाडी दुरुस्त करायला फारसा वेळ नाही, म्हणजे पहिल्या धावेत इंजिन जाळून विक्रम होत नाही.

*

लँब्रेटावाले गप्प बसणार होते का? ८ ऑगस्ट १९५१. म्युनिक-इंगोलश्टाट महामार्ग. रोमोलो फेर्री हा छोट्या चणीचा रायडर लँब्रेटाच्या बंद कवचात शिरला. इंजिन १२५ सीसीच, पण हवा दाबून आत भरणारा सुपरचार्जर लावलेला. सरासरी भरली ताशी २०१ किलोमीटर.

१७१ वरून २०१. वाढ साडेसतरा टक्क्यांची वाटते. पण घनाचं गणित लावा. कवच तेवढंच निसरडं असेल तर ताकद बासष्ट टक्के जास्त हवी. आणि मध्ये गेले होते बरोबर सहा महिने.

सहा महिन्यांत! आमच्याकडे एका रिलीजचं अप्रूव्हल यायला तेवढा वेळ लागतो. :)

*

आता खरा टोचणारा भाग. या दोन्ही वैरिणी पुढे आपल्या महाराष्ट्रात नांदायला आल्या. लँब्रेटा मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाकडे, व्हेस्पा आकुर्डीला. १९७२ मध्ये तर सरकारनं इनोचेंतीचा लँब्रेटाचा सगळा कारखानाच विकत घेऊन लखनौला नेला. मग आपल्याकडे तशी चुरस का नाही झाली? मुंबई-पुणे रस्त्यावर पहाटे कुणी वेळाधिकारी घड्याळ घेऊन का नाही उभे राहिले?

अक्कल कमी होती म्हणून नक्कीच नाही. ज्या हातांनी साताऱ्यात प्रिया जोडली, ते हात इटलीतल्या हातांइतकेच सराईत होते. पण किती गाड्या बनवायच्या हे परवान्यात लिहिलेलं असायचं, आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायची पाळी लोकांवर यायची. मुलगी जन्मली की स्कूटरला नंबर लावायचा, म्हणजे लग्नापर्यंत येते, असा विनोद होता. अशा वेळी गिऱ्हाईक 'ही किती पळते?' असं विचारत नाही. 'कधी मिळते?' एवढंच विचारतं. शंका घ्यायची सोयच नव्हती. आणि शंका घेणारा नसेल तर विक्रम दाखवायचा कुणाला?

बरं, आपल्याच भागात याच्या उलट घडलेलं आहे, तेही या सगळ्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर, कारखाना उभा केला. आता ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. त्याआधी बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं, म्हणजे तेही आपल्यासारखे दुचाकीतूनच सुरू झालेले! त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. ज्यांचा विश्वास नाही त्यांच्या शेतात नांगर चालवून दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुढे साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपरांचे नांगर निघाले, मग डिझेल इंजिनं. आगगाडीच्या एकाच रस्त्यावर इकडे सातारा रोड, तिकडे किर्लोस्करवाडी, आणि मध्ये कृष्णाकाठचा शेतकरी, दोन्हीकडच्या मालाला वाकून बघणारा, फाळावर टिचकी मारणारा आणि सहजासहजी न पटणारा. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतल्या कारखानदारीला घडवण्यात त्या न पटणाऱ्या माणसाचा वाटा मोठा आहे.

१९८० नंतर धोरण बदललं, जपानी कंपन्यांबरोबर शंभर सीसीच्या गाड्या आल्या, आणि गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायची सोय झाली. त्यानं काय विचारलं? 'ॲव्हरेज काय देते?' आपला राष्ट्रीय विक्रम वेगाचा नाहीच, लिटरमागे किलोमीटरचा आहे. आणि बघता बघता इंजिनं सुधारली. जे विचारलं, ते मिळालं. दोन-स्ट्रोक स्कूटर मागे पडली. प्रियाचा साताऱ्यातला कारखाना या शतकाच्या पहिल्या दशकात स्कूटर बनवायचा थांबला, २००९ मध्ये बजाजनंही स्कूटर बंद करायचं ठरवलं. बजाजची चेतक परत आली ती एकदम २०२० मध्ये, विजेवर.

*

शंका घेण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा २००५ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नाव ऐकून मला आधी वाटलं होतं की हा कुणी आपला माणूस. तर तसं नाही, इंडियन हे अमेरिकन मोटरसायकलचं नाव. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोकडे १९२० ची इंडियन स्काउट होती, मूळची ६०० सीसी, वेग ताशी नव्वदीच्या आत. त्यानं ती पंचेचाळीसहून जास्त वर्षं आपल्या शेडमध्ये बदलत नेली. पिस्टन घरीच साच्यात ओतायचा. मिरज-सांगलीच्या लेथवाल्यांना हा माणूस लगेच कळेल. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं त्या गाडीवर हजार सीसीच्या आतल्या वर्गात विक्रम केला. ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटर.

पण मला आवडलेली गोष्ट सिनेमात नाही, कारण ती नंतर घडली. मन्रो १९७८ मध्ये गेला. पुढे त्याच्या मुलानं जुने आकडे तपासले, आणि दोन धावांची सरासरी काढताना चूक झालेली त्याला दिसली. अमेरिकन संघटनेनं २०१४ मध्ये विक्रम दुरुस्त केला: १८४.०८७ मैल. सत्तेचाळीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहिलेला बग! वाढ अर्ध्या मैलाची. कुणी म्हणेल, काय फरक पडतो? पण मुलानं बापाच्या विक्रमावर शंका घेतली, म्हणून बापाचा विक्रम वाढला. हे वाचल्यावर मला आमची दिवाळी आठवली आणि जरा वेगळंच वाटलं.

*

तर मागच्या महिन्यात पुन्हा सांगलीला गेलो. शनिवारी रात्री बाबांना हे सगळं सांगितलं, घन-बिन सकट. रविवारी पहाटे साडेपाचला त्यांनीच उठवलं. "चल. वारा पडलाय."

तयारी झालेली होती. टायरमध्ये हवा, नवा प्लग, क्लच वायरला तेल, डिकीतला सगळा पसारा बाहेर. स्टेपनीपण काढून ठेवलेली. "वजन," बाबा म्हणाले. दोघंही हेल्मेट घालून निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका सरळ पट्ट्यात किलोमीटरचे दोन दगड बघून ठेवले. मी चालवायला, बाबा मागे मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन. अलीकडून वेग घेतला, मी हँडलवर वाकलो, बाबा माझ्या पाठीवर वाकले, आणि पहिला दगड गेला.

सत्तावन सेकंद.

"बघ! त्रेसष्ट झाले. तेही दोघं बसून," बाबा खूश. मी म्हटलं, "आता उलटं." मधल्या वेळात वारा सुटला होता, उसाचे शेंडे आमच्याकडे वाकलेले दिसत होते. येताना सहासष्ट सेकंद लागले. साडेचोपन्न.

"हे नको धरू," बाबा म्हणाले. "वारा होता."

"तेच तर धरायचं असतं, बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. मग स्वतःच डायरी काढून दगडावर बसले. दोन वेगांची सरासरी ५८.८५ येते, पण दोन वेळांची सरासरी काढून त्यावरून वेग काढला तर ५८.५४. कुठली लिहायची? बाबांनी कमी असलेली लिहिली. खाली तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "किती?"

"साडेअठ्ठावन्न," बाबा म्हणाले. "अधिकृत."

आई म्हणाली, "मग ते ऐंशी?"

बाबा चहात खारी बुडवत म्हणाले, "ते एकाच बाजूचं होतं."

असो. पुढच्या वेळी वारा खरंच पडलेला असताना जायचं ठरलंय. जेट एक नंबर मोठा घालून बघू म्हणतात.